उपशाचा हिशेब कोण मागणार?

मोठी स्वयंसेवी संस्था गावात आली, मग ती ऑक्सफर्डची असो, जिनिव्हाची असो की मुंबईची, की पहिल्याच सभेत आपण काय देणार हे ती सांगते. आपण काय विचारणार, हे सहसा सांगत नाही. वरूड तालुक्यापुरते बोलायचे तर माझे मत असे की इथे देणाऱ्यांची वाण आता फारशी उरलेली नाही, विचारणाऱ्यांची आहे. विचारायचा प्रश्नही एकच आहे. जमिनीखालून कोण किती पाणी उपसतो?

सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून मिरवतो आणि त्यात खोटे काही नाही. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून जंबेरीच्या खुंटावर बांधलेली संत्र्याची कलमे दूरदूरच्या जिल्ह्यांत जातात. पण भूजलवाल्यांच्या नकाशावर वरूड आणि शेजारचा मोर्शी हे तालुके वर्षानुवर्षे अतिशोषित म्हणून रंगवले जात आहेत. ‘डार्क झोन’ हा शब्द इथे पोरासोरांच्याही तोंडी आहे. संत्रा आणि तो गडद रंग यांचा संबंध समजायला भूगर्भशास्त्र लागत नाही, बागेचे वर्ष समजले तरी पुरते. आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचे. जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि ते फळ पुढे एप्रिल-मेच्या आगीतून न्यायचे. म्हणजे विहिरी तळ गाठतात तेव्हाच बागेला पाणी हवे. कपाशी बुडाली तर वर्ष जाते. संत्र्याचे झाड वाळले तर लावल्यापासून पहिले फळ हाती येईपर्यंतची पाच-सहा वर्षे आणि पुढच्या वीस वर्षांची मिळकत जाते. त्यामुळे विहीर आटली की बोर, ती आटली की शेजारी दुसरी, अधिक खोल. आठशे-हजार फुटांच्या बोरचे इथे कोणाला नवल वाटत नाही. यात कोणी चैन म्हणून पाणी उपसत नाही. प्रत्येक जण आपली झाडे वाचवतो आणि सगळे मिळून तालुक्याचे पाणी संपवतात.

वर बाजारही आपल्या हातात नाही. वरूडच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेले, ते २०२३ मध्ये किलोमागे ८८ टका (तिकडचे चलन) झाले. ढाक्यात एक कागद निघाला आणि इथल्या बागांत सौदे मोडले. अशा वेळी शेतकऱ्याला ‘पाणी कमी वापरा’ असे नुसते सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. तरीही ते कोणीतरी सांगायला हवे आहे.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनने पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा घेतली ती तीन तालुक्यांत : साताऱ्याचे कोरेगाव, बीडचे अंबाजोगाई आणि आपले वरूड. एकंदर ११६ गावे उतरली. पहिला क्रमांक कोरेगावच्या वेळूने मिळवला. वरूडचे वाठोडाही बक्षिसांच्या यादीत आले. पुढच्या वर्षी स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, २०१८ ला ७५ तालुक्यांत. ही संस्था आंतरराष्ट्रीय नव्हे, इथलीच आहे. तिच्यामागचा चेहरा सिनेमाचा असला तरी काम सिनेमाचे नव्हते. गावोगावची माणसे निवडून त्यांना पाणलोटाचे शिक्षण द्यायचे, माथा ते पायथा काम करायचे, सलग समतल चर खोदायचे, किती घनमीटर काम झाले ते मोजायचे आणि त्यावर गुण. भारतीय जैन संघटनेने पुढच्या फेऱ्यांत यंत्रे पुरवली. वैशाखाच्या उन्हात, वऱ्हाडच्या वैशाखात, रात्री बॅटरीच्या उजेडात माणसे चर खोदत होती. जातीने आणि पक्षाने चिरलेल्या गावांत एवढे घडणे ही लहान गोष्ट नाही. या कामाची जे टिंगल करतात त्यांच्याशी माझे जमत नाही.

पण हे काम पाणी जमिनीत घालण्याचे होते. पाणी बाहेर काढणाऱ्याला स्पर्धेच्या मैदानात बोलावलेच नव्हते. पाण्याच्या ताळेबंदाचा विषय प्रशिक्षणात होता, खरे. पण गावाला चढलेली ईर्ष्या चराच्या लांबीची होती. कोणाची बोर किती तास चालते, यावर गावे एकमेकांशी शर्यत लावत नाहीत.

हे एका संस्थेचे वैगुण्य मानले तर चूक होईल. मदतीच्या धंद्यालाच ही सवय फार जुनी आहे, आणि तिचा एक मोठा धडा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने कठीण खडक फोडणारी ड्रिलिंग यंत्रे विमानाने भारतात आणली. हाताने विहीर खोदायला महिने लागतात. या यंत्राने काळ्या पाषाणात दिवसा-दोन दिवसांत भोक पडू लागले. त्यावर जे ओतीव लोखंडी हातपंप बसवले ते एका घरासाठी बनलेले होते. अख्खे गाव त्यांच्यावर आले आणि ते मोडले. सत्तरीच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बहुतांश पंप बंद पडलेले निघाले. दात्यांच्या अहवालात मात्र ते सगळे ‘बसवलेले पंप’ म्हणून जमा होते.

यावरचे उत्तर आपल्या मातीत शोधले गेले. जालन्याला स्कॉटिश मिशनच्या पाणी प्रकल्पात आणि नंतर सोलापूरच्या वेल सर्व्हिसमध्ये लोकांनी पोलादी, एकाच खुंटीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप घडवला. सोलापूरच्या त्या पंपावरून युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. त्याचे पेटंट कोणी घेतले नाही. तो लाखोंनी बसला, आफ्रिकेत गेला, आजही आपल्या शाळांच्या आवारात उभा आहे. परदेशी पैसा, मिशनचा कारखाना, गावाचा अनुभव आणि सरकारी यंत्रणा एकत्र येऊन काय करू शकतात याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. हातपंपाने बायकांच्या डोक्यावरचे हंडे किती हलके केले, हे सांगायला पुरुष लेखकाची गरज नाही.

आता त्याची दुसरी बाजू. हातपंप पाणी थोडेच काढतो. माणसाचा हात थकतो, हीच त्याची मर्यादा आणि तोच त्याचा गुण. पण त्याच्यासाठी आलेली खडक फोडायची कला हातपंपापाशी थांबणार नव्हती. ती खासगी गाड्यांवर चढली, खाली पाणबुडी मोटार सोडली गेली, शेतीची वीज मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारली गेली, बँका बागेला कर्ज देऊ लागल्या. दोन पिढ्यांत मदतीचे अवजार उपशाचे अवजार झाले. युनिसेफने वरूड कोरडे केले असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की भोके मोजणारे खूप होते आणि भोकांतून काय बाहेर येते हे मोजायचे काम कोणाच्याच अर्जात लिहिलेले नव्हते.

का नव्हते? कारण पैसा देणारा आणि पैसा पोचतो तो माणूस यांची कधी गाठ पडत नाही. मधल्या संस्थेला दर तिमाहीला वर काहीतरी दाखवावे लागते, आणि दाखवता येते ते मोजता येणारे : पंप, बंधारे, घनमीटर, लाभार्थी. परदेशी देणगीचा कायदा १९७६ चा, नंतर २०१० चा, त्यात २०२० ची दुरुस्ती. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायचा, दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चायचा नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा २०१४ पासून सुरू झाला, त्याला तर मार्चअखेरची घाई. हे सगळे हिशेब वर जातात. खाली गावात जाणारा हिशेब कोणत्याच कायद्याने मागितलेला नाही. ज्या कामात प्रशिक्षणाचे महिने आणि भांडणाच्या रात्री जातात ते काम या चौकटीत ‘प्रशासन’ ठरते, आणि सिमेंट ओतणे ठरते ‘कार्यक्रम’.

वरूडच्याच जिल्ह्याने वेगळी रीत पाहिलेली आहे. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी, म्हणजे गाडगेबाबा, यांनी धर्मशाळा, गोरक्षण, शाळा उभ्या केल्या आणि त्यांवर विश्वस्त नेमले. स्वतःच्या घरादाराला त्यातली कवडी लागू दिली नाही. देणारा आणि घेणारा कीर्तनाला एकाच अंगणात बसत, आणि बाबा आधी अंगण झाडून घेत. मोझरीला तुकडोजी महाराजांनी श्रमदान आणि सामुदायिक प्रार्थना यांवर माणसे जोडली. त्यांच्या ग्रामगीतेचा विषयच गावाने आपला कारभार कसा चालवावा हा आहे. वरूडला चर खोदायला माणसे एका हाकेत उठली, ती टीव्हीवरच्या चेहऱ्यामुळे तर उठलीच. पण इथल्या भजनी मंडळांनी श्रमदानाची सवय आधीपासून लावून ठेवली नसती तर तो चेहरा हात हलवत परत गेला असता.

आता जरा टोचणारी गोष्ट. श्रमदान कोण करते आणि त्यातून साठलेले पाणी कोणाचे होते? १८८२ च्या इझमेंट कायद्यापासून आपल्याकडे समजूत अशी की जमीन ज्याची, खालचे पाणी त्याचे. म्हणजे भूमिहीन मजुराने टेकडीवर खोदलेल्या चरातून जे पाणी मुरले ते पायथ्याच्या बागवाल्याच्या बोरमध्ये गेले तर ते कायद्याने बागवाल्याचे. रोजगार हमीवर हाच चर खोदला असता तर मजुराला मजुरी मिळाली असती. इथे घाम दान झाला. यावर उत्तर दिले जाते की बाग टिकली तर तोडाईचे, निंदणाचे काम टिकते, पिण्याच्या विहिरीला पाणी राहते, टँकर थांबतो. ते बरोबर आहे. पण ते उत्तर बागवाल्याच्या तोंडून यावे आणि त्यात वाटा किती हा आकडा असावा. ज्या महाराष्ट्रात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायत काढली, पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला, त्यात भूमिहीनालाही धरले आणि उसाला मनाई केली, तिथे हा विचार परका नाही. तो फक्त अडचणीचा आहे.

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही पाहुणे. गावच्या भांडणात पडलो तर उद्या पाय ठेवता येणार नाही. युद्धात आणि भूकंपात हे म्हणणे शंभर टक्के मान्य. रेड क्रॉसने तटस्थ राहिले नाही तर जखमी माणूस मरतो. पण विकासाचे काम तटस्थ असूच शकत नाही, कारण त्याने गावातल्या मालमत्तेची किंमत बदलते. आणि संस्था अटी घालत नाहीत हेही खरे नाही. नव्वदीच्या दशकात जर्मन सरकारच्या पैशावर, नाबार्डच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम महाराष्ट्रात चालला. त्यामागे होते स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर आणि त्यांनी व क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये उभी केलेली वॉटर ही संस्था. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, तेव्हा मोठे काम. पैसा गावच्या समितीच्या हाती. मला हा कार्यक्रम सरकारी पाणलोटाहून कितीतरी सरस वाटतो. पण अटी कोणावर पडल्या पाहा. कुऱ्हाड असते सरपण आणणारीच्या हाती, शेळ्या असतात भूमिहीनांच्या आणि धनगरांच्या. या दोन बंद्या गावोगाव ठरावात आल्या. बोरबंदीचा ठराव शोधायला मात्र गाडी काढून हिवरे बाजारला जावे लागते. पोपटराव पवारांच्या गावाने सिंचनाच्या बोरवर बंदी घातली, उसा-केळीला नकार दिला, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पीक ठरवले. हे तिथे जमले कारण पुढारी गावचाच होता, टिकला होता आणि त्याचे शेतही त्याच नियमाखाली होते. बाहेरची कोणतीही संस्था हे तिन्ही पुरवू शकत नाही. जे करू शकते ते असे, की ज्या गावात असा ठराव होईल तिथेच आपला पैसा न्यायचा.

कायदा आधीच आहे, ही त्यातली गंमत. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजल अधिनियम केला, तो २०१४ पासून लागू झाला. पिण्याच्या पाण्याखेरीज अन्य कामासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल बोर घेऊ नये असे त्यात लिहिले आहे. आठशे फुटांच्या गावांत हा कायदा वाचून दाखवला तर लोक हसतील. तलाठ्याने एकट्याने जाऊन बोरची गाडी अडवावी, ही अपेक्षाही हसण्यासारखीच.

उपशाचा प्रश्न कागदावर धरला तो, आश्चर्य म्हणजे, एका सावकाराने. जागतिक बँकेचे अर्धे कर्ज असलेली सहा हजार कोटींची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झाली. वरूड-मोर्शी तिच्यात आले. ग्रामपंचायतीने स्वतः पाण्याचे अंदाजपत्रक करायचे, पातळी मोजायची, मागणी कमी करायची, आणि पैसा निकालावर सुटायचा, अशी तिची रचना. दिशा बरोबर होती. पण मागणी कमी करणे म्हणजे काय, तर ठिबक, असा अर्थ सोयीस्करपणे रूढ झाला. ठिबकाने झाडामागचे पाणी वाचते यात वाद नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर कलमे लावतो, यातही नाही. एकूण उपसा तोच राहतो, कधी वाढतो, आणि सगळ्यांच्या अहवालात मात्र कार्यक्षमता सुधारते. गावाच्या एकूण बागक्षेत्राला मर्यादा घातल्याशिवाय ठिबक हे उपशाचे उत्तर होत नाही.

पानी फाउंडेशनने वॉटर कप थांबवून पुढे फार्मर कप सुरू केला; शेतकऱ्यांचे गट, एकत्र खरेदी, एकत्र निर्णय. मला हे पाऊल वॉटर कपपेक्षा मोठे वाटते, त्याला तेवढी प्रसिद्धी नसली तरी. एकट्या माणसाला ‘यंदा एक बहार कमी घे’ म्हणता येत नाही. गटाला म्हणता येते, कारण गट शेजाऱ्याची हमी घेतो. बोर सामायिक करण्याचा विचारही गटातच रुजू शकतो.

बाहेरच्या पैशाचे म्हणाल तर त्याचा भरवसा धरू नये. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज मिळाले, पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीच्या कर्जावर ‘केम’ प्रकल्प आला, कापसावर काम करणाऱ्या परदेशी संस्था आल्या. ती लाट ओसरली. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एका सहीने अमेरिकेची परदेशी मदत थांबली आणि जुलैपर्यंत यूएसएड ही साठ वर्षांची यंत्रणा बंद झाली. आफ्रिकेतले दवाखाने त्या सहीने बंद पडले. वरूडवर त्याचा परिणाम नाही, पण ज्याचा कारभार दुसऱ्याच्या सहीवर चालतो त्याचे काय होते हे तिथे दिसले.

वरूड, जरूड, पुसला, बेनोडा, लोणी, जिथे कुठे हे वाचले जाईल तिथल्या ग्रामसभांना माझी विनंती साधी आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरात गावातल्या बोर मोजा, नावानिशी, खोलीसह, आणि यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा. आमदाराची बोर पहिली लिहा. भूमिहीनांना त्या सभेला बोलवा आणि त्यांचे मत मोजा. पुढची संस्था, देशी असो वा परदेशी, बॅनर घेऊन येईल तेव्हा तिला त्या भिंतीपाशी उभे करा आणि विचारा की या यादीचे तुम्ही काय करणार. तिच्याकडे उत्तर नसेल तर चहा पाजून परत पाठवा.